मदत हवी आहे : आज्जांच्या कोलारच्या दिवसांबद्दल

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातली. माझे आज्जा तरुणपणी कोलारच्या सोन्याच्या खाणीत कामाला होते. परवा माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचा पितळी बिल्ला मिळाला, नंबर अजून वाचता येतो. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

1880 मध्ये जॉन टेलर कंपनीने तिथे आधुनिक खाणकाम सुरू केलं. 1902 मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्याची वीज आली. तिथली चॅम्पियन रीफ नावाची खाण तर तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली. आज्जा सांगायचे, खाली खडकाला हात लावला की चटका बसायचा, आणि कधी कधी दाबाने खडकच फुटायचा. त्यांचे दोन सोबती तसेच गेले. ते सांगताना आज्जा गप्प व्हायचे, आम्हीही पुढे विचारत नसू. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

28 फेब्रुवारी 2001 ला खाण बंद झाली. खोलातून काढायचा खर्च वाढला, दगडात सोनं कमी राहिलं. पण वर धुऊन टाकलेल्या मातीचे, ज्यांना तिथे सायनाइड डंप म्हणतात, ते डोंगर अजून उभे आहेत. त्यातलं उरलेलं सोनं काढायच्या प्रस्तावाला 2024 मध्ये कर्नाटकच्या राज्य मंत्रिमंडळाने संमती दिली.

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातून आणखी कोणाच्या घरचे तिकडे होते का? बिल्ल्याच्या नंबरावरून हजेरीची जुनी नोंद कुठे शोधायची? आणि खाणकाम शिकलेल्या कोणी सांगा, त्या मातीतून सोनं काढणं खरंच परवडेल का?