मॉडिफाय केल्यावर उरलेले मूळ पार्ट: काय विकू, काय ठेवू?

दोनसीटर: माझी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ (दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार), १.६ लिटर इंजिनची. तीन वर्षं जमेल तसं चाललेलं काम परवा संपलं. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारी शॉकअप-स्प्रिंगची जोडी) बसले, १.८ लिटरवाल्या एमएक्स-५ चं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा डबा) आणि पुढचे मोठे ब्रेक आले, चाकं १४ ची १५ इंची झाली. आता मूळ शॉकअप-स्प्रिंगा, पुढच्या ब्रेकच्या २३५ मिमीच्या डिस्क, त्यांचे कॅलिपर ब्रॅकेट (ब्रेकचा चिमटा धरणारे), जुनं डिफरन्शियल, ॲक्सल (तिथून चाकांपर्यंत जाणारे दांडे) आणि चार अलॉय चाकं भिंतीशी रचून ठेवलेत. भंगारात घालवत नाही, त्यांच्यावर मी नऊ वर्षं गाडी चालवली आहे. कुणाच्या तरी गाडीखाली लागावेत एवढीच इच्छा. सगळं एकत्र विकू की सुटं?

तेलकट_हात: सुटं विका, पण डिफरन्शियल, ॲक्सल आणि जुना प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा दांडा) असेल तर तो, हे एकत्रच द्या. १.६ चे ॲक्सल १.८ ला चालत नाहीत, त्यामुळे घेणारा १.६ वालाच. आतला रिंग गिअर (मोठं दातेरी चाक) ६ इंचीच आहे, टर्बो लावून ताकद वाढवलेल्या गाडीवाल्याला देऊ नका, तुटला की तुमच्या नावानं बोंब. पाठवण्याआधी ऑइल पूर्ण काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय आलं त्याचा फोटो टाका. बारीक राखाडी चिखल चालतो, धातूचे तुकडे असतील तर तसं लिहा. डिस्कची जाडी मोजून सांगा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, त्याखाली गेल्या असतील तर मात्र भंगारच.

जुनी_चावी: शॉकअप, स्प्रिंगा, वरच्या माउंटसकट ठेवा, हात जोडून सांगते. मी विकले. पुढे गाडी विकायला काढली तेव्हा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारायचा, मूळ सस्पेन्शन आहे का? वर्षभर शोधून दुसरे मिळाले, त्यातला एक गळका. चाकं खुशाल द्या, ४×१०० ची (१०० मिमी वर्तुळावर चार बोल्ट) आहेत, घेणारे पुष्कळ. फोटोत आतली बाजूही दाखवा, वाकलेली कड तिथेच दिसते.

दोनसीटर: चुंबक पाहिला, नुसता चिखल आहे. डिस्क मोजल्या, एक किमान जाडीच्या खाली गेली आहे, म्हणून जोडी भंगारात. ब्रॅकेट मोफत देतोय. सस्पेन्शन पुसून, नटबोल्ट पिशवीत घालून, डावं-उजवं लिहून माळ्यावर चढवलं. चाकांच्या आतल्या बाजूचे फोटो उद्या उजेडात काढतो.