बाबांच्या जुन्या पीसीवर आता कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकू? (ठाणे)

ऋतुगंध
नमस्कार मंडळी. बाबांचा पीसी २०१६ साली जुळवून घेतलेला. इंटेलचा आय-५ प्रोसेसर, सहाव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क. विंडोज १० वर बरं चाललं होतं. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही असं पडद्यावर येतं. बाबांनी ते मला फोनवर वाचून दाखवलं, अगदी दहावीचा निकाल सांगावा तशा आवाजात.
चरईतल्या दुकानदाराचं म्हणणं, नवीनच घ्या. दुसरा म्हणतो, "ताई, मी ११ चढवून देतो, काही होत नाही." भाचा लिनक्सच्या (विंडोजऐवजी टाकायची मोफत सिस्टीम) मागे लागलाय. कोणाचं ऐकू?

कळवेकर
लिनक्स मिंट. विषय संपला.

शेवटची_लोकल
कळवेकर, विषय सुरू तरी होऊ द्या! ऋतुगंध, बाबा त्यावर नेमकं काय काय करतात ते लिहा. प्रिंटर कोणता, मराठी कशात टाइप करतात, तेही.

पामबीच_रोड
मॅक मिनी घ्या, दहा वर्षं बघायला नको.

ऋतुगंध
@पामबीच_रोड, बजेट मिनीपेक्षाही मिनी आहे :)
बाबा सोसायटीचे खजिनदार. मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये. नोटिसा आणि सभांची इतिवृत्तं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, २००९ पासूनच्या सगळ्या फायली जपून ठेवल्यात. शिवाय बँक, व्हॉट्सॲप वेब आणि यूट्यूबवर नाट्यसंगीत. प्रिंटर जुना लेसर आहे, त्याला हात लावायची कुणाची टाप नाही.

शेवटची_लोकल
मग उत्तर एका शब्दात बसणार नाही.
विंडोज ११ ला टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. तुमच्या बोर्डावर टीपीएम बायोसमधून (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्ज) चालू करता येईलही, पण प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतच नाही. दुसरा दुकानदार ही तपासणी चुकवून ११ बसवेल. चालेलसुद्धा. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि मोठी आवृत्ती आली की पुन्हा त्याच दुकानाची पायरी. सोसायटीचे पैसे ज्या मशीनवरून फिरतात तिथे मी हे करणार नाही.
विंडोज १० ला घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट आहेत. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. पण ती मुदतवाढच झाली.
मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि ८ जीबी रॅमवर ते आरामात चालतं. बँक, व्हॉट्सॲप, यूट्यूब सगळं ब्राउझरमध्येच, त्यामुळे फरक जाणवणार नाही. एक्सेलच्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडतात. साधी बेरीज-वजाबाकी असेल तर प्रश्न नाही, मॅक्रो (फायलीत लिहून ठेवलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असतील तर आधी तपासा. खरी अडचण प्रिंटर आणि श्रीलिपी.
आणि काहीही ठरवा, आधी एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी वापरायची वेगवान डिस्क) टाका. निम्मं रडगाणं त्या हार्ड डिस्कचं असतं.

टंकलेखक
नौपाड्यात वीस वर्षं डीटीपी करतोय म्हणून श्रीलिपीपुरतं बोलतो. ती विंडोजवरची. त्यातले जुने फाँट युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची पद्धत) नाहीत, म्हणजे फायलीत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, मराठी दिसतं ते फाँटमुळे. मिंटवर फाईल उघडली की नुसता गिचमिडा. फाँट टाकला तर वाचता येईल, पण टाइप करायचं ते सॉफ्टवेअर तिथे नाही. जुन्या प्रतीला डोंगल (परवान्यासाठी संगणकाला खोचायची कांडी) असेल तर तोही उपयोगाचा नाही. कन्व्हर्टरने युनिकोड करता येतं, पण २००९ पासूनच्या इतिवृत्तात जोडाक्षरं कुठे सांडली ते कोण तपासत बसणार?
नवीन नोटिसा मात्र इनस्क्रिप्टवर (युनिकोड मराठीची कीबोर्ड मांडणी) सुरू करायला सांगा. मिंटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डच्या सेटिंगमधूनच मिळतो. एक गोष्ट बाबांना आधीच सांगा: "दुसऱ्या" लिहिताना र च्या कळीवर शिफ्ट दाबायची, मग हलन्त, मग य. साध्या र ने केलं तर रफार वर चढतो, आणि सभासद तेवढंच दाखवायला येतात.

शेवटची_लोकल
टंकलेखकांना +१. मग मी असं करेन: नव्या एसएसडीवर मिंट, रोजचं सगळं त्यावर. जुनी हार्ड डिस्क विंडोज १० आणि श्रीलिपीसकट तशीच राहू द्या, फक्त तिथून इंटरनेट कायमचं बंद. मिंट टाकताना हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे चुकूनही ती पुसली जाणार नाही. नंतर सुरू करताना बूट मेन्यूतून डिस्क निवडायची. आणि आधी फायलींचा बॅकअप!
पैसे घालण्याआधी मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. "इन्स्टॉल" वर क्लिक केलं नाही तर डिस्कला काही होत नाही. मी ऐरोलीला असतो, शनिवारी ठाण्याला येतोय. तयार पेन ड्राइव्ह तलावपाळीला देऊ शकतो.

ऋतुगंध
पेन ड्राइव्ह मिळाला, शेवटची_लोकल, मनापासून आभार!
वायफाय, आवाज, बँक, सगळं पहिल्या झटक्यात. प्रिंटरने मात्र कागद ओढला आणि कोराच बाहेर टाकला. बाबा म्हणाले, "त्याला विचारलं होतंत का?" म्हणजे छपाई विंडोजमधूनच. दोन डिस्कचा बेत बाबांना पटलाय. एसएसडी आणतेय.

ऋतुगंध
मिंट बसलं, पीसी धावतोय. पण आज सकाळी दहाला विंडोज उघडलं तर घड्याळात साडेचार! बाबांना वाटतंय भाच्याने काहीतरी बिघडवलं.

शेवटची_लोकल
भाचा निर्दोष. मिंट मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तास मागे. इंटरनेट बंद असल्याने विंडोजला स्वतःहून दुरुस्तही करता येत नाही. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) एकच ओळ टाकायची आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहे. मग विंडोजमध्ये एकदा हाताने वेळ लावा. तोपर्यंत आज नोटीस काढणार असाल तर तारीख-वेळ बघून घ्या.