सेफ्टी कॉलेज म्हणजे ‘कुठलंही एक’ नव्हे

फ्रीमाँटची आई
गेल्या आठवड्यात इथे अमेरिकेतल्या सीनियर इयरच्या, म्हणजे बारावीच्या, मुलांच्या पालकांसाठी एक पोस्ट आली होती. थोडक्यात असं होतं: कॉमन ॲपवर, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जावर, वीस कॉलेजं चालतात तर वीसच्या वीस भरा, सगळी टॉप तीसमधली भरा, जितके तीर तितकी शक्यता. सेफ्टी, म्हणजे नक्की मिळेल असं, म्हणून कुठलंही एक टाकून ठेवा, तिकडे कोण जातंय! खाली बऱ्याच जणांनी ‘सेव्ह करून ठेवलं’ असं लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं. ॲडमिशन मुलाची, एक्सेल शीट माझी. बावीस ओळी: सोळा प्रायव्हेट, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे (यूसी) पाच नावाजलेले कॅम्पस आणि तळाला, हाताशी असावं म्हणून, आणखी एक यूसी. रँकिंग, ॲडमिशनचा दर, डेडलाइन, एसे किती, फी किती, सगळे रकाने भरलेले. शेवटचा रकाना हिरवा होता, ‘तुला का आवडलं?’ तो ऑगस्टमध्ये रिकामा होता आणि जानेवारीतही रिकामाच राहिला. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

मार्चअखेर पंधरा नकार आणि सहा वेटलिस्ट हातात होत्या. मिळालं ते फक्त तळाचं. मुलगा म्हणाला, “आई, ते कसं दिसतं तेसुद्धा मला माहीत नाही.” चूक त्या कॉलेजची नव्हती, त्याची नव्हती, यादी करणाऱ्या माझी होती. आता तो तिथे रमलाय, पण ‘तळाचं’ हा शब्द त्याच्या डोक्यातून जायला पहिलं अख्खं सत्र गेलं. तो शब्द मी घातला होता.

आणि ते तिरांचं गणित साफ चुकीचं आहे. फासे वीसदा टाकले तर प्रत्येक वेळ वेगळी असते. इथे फाइल एकच. तेच ग्रेड्स, त्याच ॲक्टिव्हिटीज, तोच मुख्य एसे. पहिल्या दहा ठिकाणी ज्या कारणाने ती बाजूला पडते, त्याच कारणाने पुढच्या दहा ठिकाणीही पडू शकते. त्यात आपल्या घरांतून सगळ्यांना कॉम्प्युटर सायन्सच हवं. मग कॉलेजचा एकूण दर बघून ‘हे मॅच आहे’, म्हणजे आपल्या आवाक्यातलं आहे, असं कसं म्हणता? इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन किंवा सिॲटलचं वॉशिंग्टन घ्या. एकूण प्रवेश बरा दिसतो, सीएसला दार अरुंद, आणि दुसऱ्या मेजरमध्ये (मुख्य विषयात) शिरून मग सीएसला वळू म्हणाल तर ते फार कठीण.

यादी खालून वर भरा. आधी दोन कॉलेजं अशी शोधा, जिथे हव्या त्या मेजरला ॲडमिशन जवळपास नक्की आहे, चारही वर्षांचा खर्च झेपतो आणि मूल स्वतः बघून ‘इथे मी राहीन’ म्हणतंय. यातली एक अट जरी गळली तरी ती सेफ्टी नाही. वरची स्वप्नं मग लिहा, हवी तेवढी.

एडिसनकर
ती पोस्ट माझी होती, तेव्हा उत्तर मीच देतो. तुमच्या मुलाचं मनासारखं झालं नाही याचं वाईट वाटतं, पण एका घरच्या अनुभवावरून नियम करू नका. माझ्या मुलीने अठरा ठिकाणी अर्ज केले. इन-स्टेट म्हणून रटगर्स, आमच्या न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ, मिळालं, सोळा ठिकाणी नकार किंवा वेटलिस्ट, आणि एक ‘हो’. ते कॉलेज आमच्या यादीत पंधरावं होतं. तुमचं ऐकून दहावर थांबलो असतो तर ती आज तिथे नसती. रटगर्स आम्ही बघायलाही गेलो नाही, गरजच पडली नाही.

आपण इथे दोन बॅगा घेऊन आलो ते मुलांना ‘जपून खेळ’ सांगायला नाही. आधीच आपल्या मुलांना इतरांपेक्षा जास्त गुण लागतात. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाला प्रवेशात वंश बघण्यावरून हार्वर्डविरुद्ध निकाल द्यावा लागला तो काही उगाच नाही. अशा ठिकाणी अर्ज कमी करायचे?

सॅक्रामेंटोहून
कॅलिफोर्नियाच्या धाग्यावर ते कारण आणू नका. प्रॉप २०९ हा कायदा इथल्या मतदारांनी १९९६ मध्ये आणला. तेव्हापासून सरकारी विद्यापीठांना प्रवेशात वंश बघायला बंदी आहे. यूसी आता एसएटी ही प्रवेशपरीक्षासुद्धा बघत नाही. नकार आला की कुणावर तरी ढकलायचं, ही सवय मुलंही उचलतात.

एडिसनकर
मी यूसीबद्दल बोललोच नव्हतो. नीट वाचा आणि मग शिकवा.

फ्रीमाँटची आई
पंधराव्या कॉलेजाने घेतलं ते पंधरावं होतं म्हणून की मुलीने तिथला एसे मनापासून लिहिला होता म्हणून? तिला विचारा. आमच्याकडे प्रायव्हेटचे मिळून चाळीसच्या वर एसे झाले, शिवाय यूसीचे चार. थँक्सगिव्हिंगनंतरचे सगळे मी वाचलेत. ‘तुमचं कॉलेज का’ या प्रश्नाला त्याने फक्त कॉलेजचं नाव बदलून तेच उत्तर दिलं होतं, आणि एका ठिकाणी नाव बदलायचंही राहिलं. सतरा वर्षांचं पोर रात्री दीडला दुसरं काय करणार?

एच-४ ची आई
तुम्हा सगळ्यांच्या याद्या वाचून डोळ्यांत पाणी येतं. मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा आलो, अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. तिला फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरता येत नाही. पुष्कळ प्रायव्हेट कॉलेजं तिला आंतरराष्ट्रीय धरतात आणि तिथे मदत मागितली की तेच ॲडमिशनच्या आड येतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी ठिकाणं बाहेरच्या मुलांच्या बाबतीतही पैसा बघत नाहीत, पण तिथे शंभरात चार-पाच जणांना घेतात. इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या मुलांसाठीची कमी फी लागू होते की नाही ते राज्यागणिक वेगळं. एकविसाव्या वर्षी एच-४, म्हणजे आमच्या व्हिसावर मिळालेला तिचा व्हिसा, संपणार; डिग्रीच्या मधेच एफ-१, विद्यार्थ्यांचा व्हिसा. कॉलेजांच्या साइटवर २०११ पासून नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता खर्च किती पडेल ते सांगणारा; तो आम्हीही भरून बघितला. पण त्यात फेडरल मदत गृहीत धरलेली असते, त्यामुळे येणारा आकडा आमचा नसतोच. आमच्या घरी यादी पैशांपासून सुरू होते. रँकिंगचा रकानाच नाही.

पुण्याचे आजोबा
नात न्यू जर्सीत, नातू पुण्यात, म्हणून दोन्ही बघतोय. कॅपचा, म्हणजे इथल्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरताना आम्ही मागच्या वर्षीचे कटऑफ घेऊन बसतो, शेजारी आपला पर्सेंटाइल. वर आवाक्याबाहेरची चार, मग आवाक्यातली, मग खात्रीची. पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, म्हणून पसंतीचा क्रम घरात चार वेळा बदलतो. पण नकार आला तर का आला ते कळतं. नातीला अजून कळलेलं नाही. तुमच्याकडचं हे मला क्रूर वाटतं.

ट्रान्सफरवाला
वाचत होतो, आता लिहितोच. यादीत एक रस्ता कुणीच धरत नाही. मी कॅलिफोर्नियातच कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे घराजवळच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला, गेलो. युनिटला ४६ डॉलर, ६० युनिटची फी २,७६० डॉलर, पुस्तकं आणि पेट्रोल वेगळं. यूसीचा कॅम्पसवर राहून वर्षाचा खर्च चाळीस हजारांवर जातो. दोन वर्षं घरी राहिलो, मग टॅगवर (यूसीत ट्रान्सफर मिळण्याच्या हमीवर) डेव्हिसला स्टॅटिस्टिक्सला. ही ट्रान्सफरची हमी सहा कॅम्पस देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा, सांता क्रूझ, रिव्हरसाइड, मर्सेड. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो देत नाहीत. डिग्रीवर ‘ट्रान्सफर’ असं कुठेही छापलेलं नाही.

अभ्यास जड गेला नाही. जड गेली ती मंडळाच्या गणपतीतली एक संध्याकाळ. आरती झाली, प्रसादाच्या रांगेत एका काकूंनी विचारलं, “कुठे मिळालं रे?” मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “बे एरियातच आहे तो.” काकू म्हणाल्या, “अय्या, स्टॅनफर्ड?” आई नुसती हसली. माझ्या हातात शिऱ्याचा द्रोण होता. घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

एडिसनकर
तुझं कौतुक आहे, पण तो रस्ता ज्यांचे ग्रेड्स नसतात त्यांचा. चांगल्या मुलांना तो दाखवायचा म्हणजे आधीच हार मानायला शिकवणं.

ट्रान्सफरवाला
काका, माझा जीपीए ३.९ होता. त्या वर्षी बाबांची नोकरी गेली होती. ‘हार’ हा शब्द तुम्ही माझ्यासाठी वापरलात की त्यांच्यासाठी?

सॅक्रामेंटोहून
हेच ते! मंडळात सत्कार कुणाचा होतो? हार्वर्ड-येलसारख्या आयव्हीवाल्यांचा. स्टेजवर बोलावून शाल. दोन वर्षं कामं करून घराला हातभार लावणाऱ्याला कुणी बोलावलंय?

एच-४ ची आई
टॅगला मुलीचं मेजर बसतं का? ती बायोइंजिनिअरिंग म्हणतेय.

ट्रान्सफरवाला
कॅम्पसनुसार बदलतं. इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्स काही ठिकाणी वगळलेलं असतं, म्हणून आपले कुठले कोर्स यूसीत धरले जातात ते असिस्ट डॉट ऑर्गवर पहिल्याच सेमिस्टरला जुळवून ठेवा. टॅगचा अर्ज सप्टेंबरात असतो, यूसीच्या मुख्य अर्जाच्या आधी. माझ्या वर्गातल्या दोघांची ती तारीख हुकली.

फ्रीमाँटची आई
खरं सांगते, माझ्या शीटमध्ये कम्युनिटी कॉलेजची ओळ नव्हती. मुलाने एकदा विषय काढला होता. मी म्हटलं, “तशी वेळ येणार नाही.” शिऱ्याच्या रांगेतली ती आई मीही असू शकले असते. पण एका गोष्टीवर ट्रान्सफरवाल्याशी माझा मतभेद आहे. घर सोडून चार वर्षं एका जागी राहणं यालाही किंमत आहे, ती ज्याला झेपते त्याने का सोडावी? हा रस्ता यादीत असावा, सगळ्यांना लागू नसावा.

ट्रान्सफरवाला
मान्य. डेव्हिसला माझ्या बरोबरीच्यांचे ग्रुप आधीच झाले होते, मला आत शिरायला वेळ लागला.

एडिसनकर
ट्रान्सफरवाल्या, ‘हार’ म्हणायला नको होतं. शब्द मागे घेतो. तुझ्या बाबांना नमस्कार सांग.

बाकी माझं मत तेच. वरच्या ओळी मी कमी करणार नाही, मुलाची हौस असेल तर वीसही करीन. पण काल रात्री मुलीला फोन करून त्या पंधराव्याचं विचारलं. म्हणाली, “बाबा, तो एसे मी सगळ्यात आधी लिहिला होता. ते कॉलेज तुमच्या यादीत पंधरावं होतं, माझ्या यादीत दुसरं.” मला हे माहीत नव्हतं. धाकटा आता ज्युनिअर, म्हणजे अकरावीत, आहे. रटगर्सला या वेळी त्याला घेऊन जातो. बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं?

फ्रीमाँटची आई
कॉलेज चालू असतानाचा वार निवडा, सुट्टीत रिकामा कॅम्पस दिसतो. टूर कराच, पण टूर देणारी मुलं निवडलेली असतात. नंतर त्याला दुपारच्या जेवणाला डायनिंग हॉलमध्ये एकटा सोडा. तुम्ही आत जाऊ नका.

आम्ही एप्रिलमध्ये, कॉलेज नक्की करायच्या एक मेच्या मुदतीआधी, सहा तास गाडी चालवून गेलो होतो. मी पार्किंगमध्ये डबा उघडून बसले. अर्ध्या तासात येईल म्हटलं होतं, तो दीड तासाने आला. एका मुलाने त्याला सीएसची लॅब दाखवली होती. गाडीत बसल्यावर बेल्ट लावता लावता म्हणाला, “रात्रीसुद्धा उघडी असते म्हणे.” त्या कॉलेजबद्दल त्याने स्वतःहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य.