पक्षाघातानंतरचे दुसरे वर्ष: पतींना किती मदत करावी आणि कुठे हात आखडता घ्यावा?

प्रश्न

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकल्यामुळे माझ्या पतींना पक्षाघाताचा झटका आला, त्याला आता वर्ष उलटून गेले आहे. उजवा पाय बराच सावरला असून ते काठी घेऊन घरात चालतात. उजव्या हाताची बोटे थोडी उघडतात, पण पकड येत नाही. समोरच्याचे बोलणे त्यांना जवळजवळ सगळे समजते. स्वतः बोलताना मात्र शब्द ओठांपर्यंत येऊन अडकतात. फिजिओथेरपीची सत्रे कमी झाली आहेत, आणि ‘सहा महिन्यांत काय व्हायचे ते होते’ असे भेटायला येणारे लोक त्यांच्यासमोरच बोलून जातात.

घरात मी नेमके किती करावे, हे मला समजत नाही. शर्टाची बटणे मी लावून दिली तर ते चिडतात आणि नुसती बघत बसले तरी चिडतात. अर्धवट राहिलेल्या वाक्यांचेही तसेच होते. दुपारनंतर ते गळून जातात आणि व्यायामाला नकार देतात. हा थकवा समजावा, निराशा समजावी की कंटाळा?

प्रतिसाद १

ताई, माझ्या पत्नीलाही वाचाघात (मेंदूच्या इजेमुळे भाषा वापरणे अवघड होणे) झाला होता, म्हणून आधी बोलण्याविषयी लिहितो. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो आणि नंतर तो मंदावतो, हे खरे आहे. परंतु सराव चालू राहिला तर भाषा आणि हालचाल या दोन्हींत वर्षानंतरही भर पडत राहते. पाहुण्यांना हे दाराबाहेरच सांगून ठेवावे.

शब्द अडकल्यावर किती थांबायचे, हे आपण ठरवण्याऐवजी त्यांना ठरवू द्यावे. आम्ही एक खूण ठरवली होती: तळहात वर केला की ‘थांब, मला शोधू दे’, आणि माझ्याकडे पाहिले की ‘आता सांग’. या एका खुणेने आमची निम्मी भांडणे मिटली. सांगतानाही आख्खा शब्द हातात न ठेवता त्याचा पहिला ध्वनी द्यावा, दोन पर्यायांतून निवडायला सांगावे किंवा हो-नाही असे उत्तर येईल असा प्रश्न विचारावा. कागद-पेन्सिल जवळ असावी, टीव्ही बंद असावा आणि एका वेळी एकानेच बोलावे. आवाज चढवून बोलण्याची गरज नसते. त्यांच्या कानांना काहीही झालेले नाही, आणि बुद्धीही शाबूत आहे.

आणखी एक गोष्ट घरच्यांना ठाऊक असावी. आकडे ओळीने म्हणणे, पाठ असलेले गाणे किंवा रागाच्या भरात निघालेली शिवी कित्येकदा अस्खलित येते, आणि पुढच्याच क्षणी साधे पाणी मागता येत नाही. सवयीने येणारे बोलणे आणि जुळवून केलेले बोलणे मेंदू वेगवेगळ्या पद्धतीने हाताळतो, त्यामुळे याला ढोंग समजू नये.

प्रतिसाद २ (फिजिओथेरपिस्ट)

बटणांच्या बाबतीत एक पद्धत उपयोगी पडते. सुरुवातीला सगळी बटणे तुम्ही लावा आणि शेवटचे तेवढे त्यांच्यासाठी ठेवा. ते जमू लागले की शेवटची दोन ठेवा. काम प्रत्येक वेळी त्यांच्या हातून पूर्ण होते, ही या पद्धतीची खुबी आहे. कपडे घालताना दुबळा हात आधी आणि काढताना शेवटी, हा क्रम पाळावा. त्यांना उठवताना उजवा हात किंवा काख धरून कधीही ओढू नये, कारण स्नायू सैल पडलेला खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि त्याचे दुखणे पुढे व्यायामाच्याच आड येते.

बोटे थोडी उघडतात असे तुम्ही लिहिले आहे, ते महत्त्वाचे आहे. मनगट आणि बोटे स्वतःहून थोडी तरी सरळ करता येत असतील, तर चांगल्या हाताला दिवसातील बराच वेळ मोजा घालून दुबळ्या हाताकडून कामे करवून घेण्याचा उपचार विचारात घेता येतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या 222 रुग्णांच्या चाचणीत, झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांनी दोन आठवडे हा उपचार घेतलेल्यांच्या हाताचा वापर सुधारला आणि तो फायदा वर्षभरानंतरही टिकला होता. तुमचे पती त्या मुदतीच्या पुढे गेले आहेत आणि काठीही डाव्या हातात असणार, त्यामुळे तोल जाण्याचा धोका आहे. म्हणून हा प्रयोग घरच्या घरी सुरू न करता आधी थेरपिस्टकडून तपासणी करून घ्यावी. बोटे घट्ट मिटू लागली असतील तर डॉक्टरांना लगेच दाखवावे, कारण या ताठरपणावर गोळ्या आणि इंजेक्शने उपलब्ध आहेत.

प्रतिसाद ३

थकव्याविषयी लिहिते. पक्षाघातानंतरचा थकवा हा खराखुरा असतो आणि केलेल्या श्रमांच्या मानाने तो फार मोठा असतो. व्यायाम सकाळी ठेवून पाहा. सकाळी उत्साह असेल आणि दुपारीच गळाठा येत असेल, तर थकव्याची शक्यता अधिक. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतूनही मन उडाले असेल, झोप आणि भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल, तर ते नैराश्य असू शकते. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना ते कधी ना कधी गाठते आणि त्यावर उपचार होतात. बोलता न येणाऱ्या रुग्णाची पारख घरच्यांच्या निरीक्षणावरूनच करावी लागते, म्हणून तुमच्या नोंदी डॉक्टरांकडे घेऊन जा. ताठरपणा कमी करणाऱ्या काही गोळ्यांनी गुंगी येते, तेही विचारून घ्या.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. खुणेची कल्पना त्यांना लगेच पटली आहे. आता एकच शंका उरते: मी तासाभरासाठी बाहेर गेले आणि त्यांना काही झाले, तर ते फोनवर बोलणार कसे?

प्रतिसाद १

एक बटण दाबताच तुमचा नंबर लागेल असा फोन त्यांच्या गळ्यात असू द्या आणि ‘न बोलता आलेला फोन म्हणजे ताबडतोब ये’ असे ठरवून टाका. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवा. चेहरा एका बाजूला ओघळणे, हातापायातील दुबळेपणा अचानक वाढणे, दृष्टी किंवा तोल जाणे किंवा आहे ते बोलणेही एकाएकी बिघडणे, यांपैकी काहीही दिसले तर ते शेवटचे ठीक कधी होते ती वेळ लिहून रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या कोणाच्याही सल्ल्यावरून परस्पर बंद करू नका. आणि तो एक तास कामासाठीच राखून ठेवला पाहिजे असे नाही; मी तर नुसता फिरायला जात असे.