गॅमा सेफीचा ग्रह : १९९२ ची माघार भित्रेपणाची होती का?

ध्रुवपंत (धागाकर्ता)
परवा इथल्याच एका सदस्याने लिहिलं, "कॅनडावाल्यांना १९८८ सालीच ग्रह सापडला होता, १९९२ ला शेपूट घातलं, म्हणून नोबेल स्वित्झर्लंडला गेलं. शास्त्रज्ञांना छातीच नसते." वर वाहवा करणाऱ्यांची रांग. तिथल्या प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

प्रकरण असं : गॅमा सेफी ताऱ्याभोवती ग्रह असावा असं कॅनडाच्या वॉकर-कॅम्पबेल-यांग यांनी १९८८ ला छापलं, आणि १९९२ ला माघार घेतली. छातीचं नंतर बघू, आधी तारा बघा. वृषपर्वा तारकासमूहातला गॅमा सेफी एकटा नाही. मुख्य तारा म्हातारपणाकडे झुकलेला, आणि सोबत एक लाल बटू, म्हणजे छोटा मंद तारा. दोघांची फेरी सदुसष्ट वर्षांच्या आसपास. सरासरी अंतर सूर्य ते युरेनस एवढं, पण कक्षा लांबट, त्यामुळे जवळ येतात तेव्हा शनी-युरेनसच्या मधलं. या जोडीदारामुळे मुख्य ताऱ्याचा आपल्याकडे येण्या-जाण्याचा वेग सेकंदाला दोनेक किलोमीटरने मागेपुढे होतो. ग्रहामुळे होतो जेमतेम सत्तावीस मीटरने, अडीच वर्षांच्या ठेक्याने. विसर्जन मिरवणुकीत डासाची गुणगुण ऐकायची होती त्यांना! त्यात त्यांच्या मोजणीत जोडीदाराची अर्धी फेरीसुद्धा झालेली नव्हती. आणि ताऱ्याच्या वर्णपटातल्या कॅल्शियमच्या रेषेतही, जी ताऱ्याच्या पृष्ठभागावरची खळबळ दाखवते, तोच अडीच वर्षांचा ठेका दिसत होता. म्हणजे ग्रह नसून ताऱ्यावरचे डागच फिरत असतील, ही शंका रास्त होती की नाही?

निमशास्त्री
तो 'एक सदस्य' मीच. नाव घ्यायला लाजता कशाला?

पुढचं सोयीस्कर गाळलंत. २००३ साली हॅट्झेस मंडळींनी टेक्सासच्या मॅकडोनाल्ड वेधशाळेची मोजमापं जुन्यांना जोडली. ठेका दोन दशकं जसाच्या तसा, आणि कॅल्शियममध्ये त्याचा पत्ता नाही. ग्रह आहे, गुरूच्या दीडपट तरी जड, सुमारे ९०० दिवसांत फेरी मारतो. म्हणजे १९८८ बरोबर आणि १९९२ चूक. कॅम्पबेलने तर खगोलशास्त्रच सोडलं. हा रास्त शंकेचा प्रसाद.

सोनचाफा
निमशास्त्रींना हजारदा अनुमोदन. या "रास्त शंके"खाली किती जण चिरडले जातात ते बाहेरच्यांना कळत नाही. माझ्या प्रबंधातला एक आलेख गाइडने काढायला लावला. "लोक हसतील, आपल्या उपकरणाचा दोष असेल." उपकरण मीच जोडलेलं, त्याचे दोष मला पाठ होते. काढला. पुढे युरोपातल्या एका गटाने तेच छापलं, आणि गाइडने तो पेपर सेमिनारमध्ये मलाच समजावून सांगितला! कौतुकाने!!

बाकरवडी_बहाद्दर
छातीवाल्यांचंही ऐका. १८५५ साली मद्रास वेधशाळेच्या कॅप्टन जेकबने भुजंगधारीतल्या ७० क्रमांकाच्या जोडताऱ्यात ग्रहासारखा पिंड आहे असं छापलं. चाळीसेक वर्षांनी अमेरिकेत टॉमस सी याने त्याचीच री ओढली. १८९९ मध्ये मोल्टनने गणित मांडून दाखवलं की सी म्हणतो तशी कक्षा टिकणारच नाही. तो ग्रह अजून सापडतोय. जाता जाता, हा जेकब मद्रासला जायच्या आधी पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटून जोडतारेच मोजत होता, आणि १८६२ साली वारलाही पुण्यातच.

वैदर्भीय
आलं पुणं! मी वाटच पाहत होतो.

बाकरवडी_बहाद्दर
वारला त्याला मी काय करू? नागपूरला नेऊन मारू?

कुतूहल_२१
एक बाळबोध प्रश्न. दोन सूर्य म्हणजे तिथे रात्र होतच नसेल ना?

ध्रुवपंत
होते. लाल बटू इतका मंद की त्याचा उजेड पौर्णिमेच्या काही पट, बस. आणि हा वायूचा गोळा आहे, अंगण नाही उभं राहून बघायला.

सोनचाफा, तुमच्या गाइडचा राग वॉकर-कॅम्पबेल-यांग यांच्यावर कशाला? हे लोक हवाईतल्या मौना की पर्वतावर, दुर्बिणीच्या प्रकाशमार्गात मोजपट्टी म्हणून हायड्रोजन फ्लोराइड भरलेली नळी ठेवून मोजमापं घेत होते. तो वायू जीवघेणा विषारी आहे. छाती काढायचीच तर ती बघा. प्रत्येकाला आपला वैयक्तिक हिशेब इथे चुकता करायचा असतो.

सोनचाफा
वैयक्तिक? सावधपणाची किंमत कोण भरतं हाच मुद्दा आहे. नेहमी तोच भरतो ज्याची नोकरी पक्की नसते. तुमची पक्की असणार, म्हणून आरामात न्याय देताय.

ध्रुवपंत
माझी नोकरी तुम्ही काढू नका.

सोनचाफा
माझा गाइड तुम्ही काढलात.

वैदर्भीय
तुमचं झालं की सांगा. तोवर खरा प्रश्न कोणी विचारणार का, की हा ग्रह तिथे झालाच कसा? जोडीदार इतक्या जवळून जातो म्हटल्यावर मुख्य ताऱ्याभोवतीची वायू-धुळीची चकती, जिच्यातून ग्रह घडतात, ती बाहेरून छाटली जाणार, उरणार चार-पाच खगोलीय एककांपर्यंतची (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर). शिवाय त्याच्या ओढीने दगडधोंड्यांच्या कक्षा विस्कटतात, ते जुळण्याऐवजी एकमेकांवर आपटून फुटतात. तरी ग्रह दोन एककांवर मजेत फिरतोय. एक तर चकती भरपूर वजनदार असेल, किंवा जोडीदार आधी लांब होता आणि मागाहून ढकलला गेला. असा ग्रह सैद्धांतिक मंडळींनाही पचत नव्हता, तर मोजणाऱ्यांनी चार वेळा विचार केला यात नवल काय?

निमशास्त्री
हे आधी सांगितलं असतंत तर चर्चा निम्मी झाली असती. बरं, "छाती नव्हती" हे मागे घेतो. हायड्रोजन फ्लोराइडवाल्यांना छाती होती. अक्कल तेवढी चार वर्षांनी जास्त आली.

ध्रुवपंत
उपकार झाले. आणि नोबेलचं म्हणाल तर स्वित्झर्लंडच्या मेयर-केलोझचा १९९५ चा ग्रह एका सूर्यासारख्या ताऱ्याभोवती चार दिवसांत फेरी मारतो. इतरांनी काही दिवसांत पडताळून पाहिला. गॅमा सेफीची एक फेरी बघायलाच अडीच वर्षं. १९८८ च्या पेपरवर अडून बसले असते तरी पडताळणार कोण होतं?

सोनचाफा
पडताळायला निदान पेपर तरी होता. माझा आलेख कपाटात आहे.