मदत हवी आहे: व्हर्च्युअल मशीनमधून रास्पबेरी पायसाठी एसएसडी तयार केली, पण बूट अडकतंय

नमस्कार मंडळी,

रास्पबेरी पाय 4 (एका बोर्डावरचा छोटा संगणक) वर घरच्या फोटोंचा सर्व्हर चालवतोय. वर्षात दोन मायक्रोएसडी कार्डं गेली. आई-बाबांच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो त्यात आहेत, म्हणून आता यूएसबी 3 ला एसएसडी लावून तिच्यावरूनच बूट करायचं आहे.

लॅपटॉप विंडोजचा. त्याला ईएक्सटी4 (पायवरच्या लिनक्सची फाइल-पद्धत) आपणहून वाचता येत नाही, म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू लिनक्स टाकलं आणि यूएसबी फिल्टर लावून ड्राइव्ह आत घेतली. (विंडोज मध्येच ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारतं. तिथे चुकूनही हो म्हणू नका!)

जीपार्टेडमध्ये (ड्राइव्हचे भाग पाडणारं सॉफ्टवेअर) बूटसाठी 512 एमबीचं फॅट32 आणि उरलेल्या जागेत ईएक्सटी4 केलं. कार्डावरचं सगळं सुडो (अ‍ॅडमिन अधिकार) लावून आरसिंक या कॉपीच्या आज्ञेने, -a पर्यायासह आणलं, म्हणजे मालकी आणि परवानग्या तशाच राहतात. नवे पार्टयूयूआयडी (प्रत्येक भागाचे ओळख क्रमांक) एफएसटॅब आणि सीएमडीलाइन या बूटच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या दोन्ही फायलींत टाकले, तीनदा ताडून पाहिले.

तरीही पायवर आधी इंद्रधनुष्याचा चौकोन येतो, मग ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ आणि पुढे काहीच नाही. म्हणजे फॅटचा भाग वाचला जातोय, कर्नल चढतोय, पण रूट (सिस्टिमच्या फायलींचा ईएक्सटी4 भाग) सापडत नाही.

मला संशय एसएसडी जोडणाऱ्या यूएसबी-साटा अडॅप्टरच्या यूएएसवर (यूएसबीवरून डेटा नेण्याची वेगवान पद्धत) आहे. सीएमडीलाइनमध्ये यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स (त्या अडॅप्टरपुरतं यूएएस बंद करणारी सेटिंग) टाकून कुणाचं काम झालंय का? अडॅप्टरचा आयडी व्हर्च्युअल मशीनमधल्या एलएसयूएसबीवरून (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी आज्ञा) घेतला तर चालेल, की पायवरच बघावा लागेल? आणि पायला पॉवर कमी पडली तरी हेच दिसतं का?

जुनं कार्ड अजून जपून ठेवलंय, त्यामुळे काहीही करून बघायची तयारी आहे.