नफा मोजण्याआधी मालकाचा पगार वजा करा

कुपवाडच्या एसी-फ्रिज दुरुस्तीच्या धंद्यात ३० टक्के भागीदारी ९ लाखांना मिळतेय, वर्षाचा नफा ६ लाख आहे, घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. वर उत्तर देणारे सगळे उलाढालीवर बोलतायत, पण मला त्या ६ लाखांच्या नफ्याचीच शंका येते. मालक सकाळपासून रात्रीपर्यंत स्वतः राबतो आणि पगार घेत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. त्याच्या जागी चांगला मेकॅनिक ठेवला तर महिना २५ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख गेले. उरला ३ लाख नफा. त्यात तुमचे ३० टक्के म्हणजे ९० हजार. ९ लाख फिटायला दहा वर्षं!

असल्या छोट्या धंद्याची एकूण किंमत मी वर्षाच्या खऱ्या नफ्याच्या दोन-तीन पटीपेक्षा जास्त धरणार नाही. गाडी, गॅस चार्जिंगची मशिनं वेगळी धरा, तीही आजच्या सेकंडहँड बाजारभावाने.

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजशी दुरुस्तीचे वार्षिक करार आहेत म्हणता, ते कागद मागा. करार फर्मच्या नावावर आहेत की नुसते मालकाच्या ओळखीवर चालतात? उद्या तो आजारी पडला तर फोन कुणाला येईल?

आणखी एक, तुमचे पैसे धंद्यात जाणार की त्याच्या खिशात? खिशात जाणार असतील तर धंद्यात नवीन काहीच येत नाही.

भागीदारीत देणी घरापर्यंत येतात. १९३२ च्या भागीदारी कायद्यात फर्मची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर भागीदारावर हक्कासाठी दावा लावता येत नाही. तेवढी करूनच पैसे द्या.